नवी रबरं

व्हॅनच्या आत इतकं शांत होतं, की गडब गाव मागे पडल्याचं धनेशला कळलंसुद्धा नाही. एरवी या रस्त्यावर वारा दारांच्या फटींतून शिट्ट्या मारायचा, पत्रा खडखडायचा, आणि डोलवीच्या कारखान्यात शिफ्टवर जाणारी त्याची रोजची गिऱ्हाइकं उतरताना तोंडावरची धूळ पुसत त्याला चार शब्द ऐकवायची. म्हणून गेल्या आठवड्यात त्याने रोह्याच्या केरू मेकॅनिककडून दारांची रबरं बदलून घेतली. आता दार लावलं की धप्प, आणि बाहेरची धूळ बाहेर. मागच्या दाराचं रबर तेवढं मिळालं नव्हतं. जुनं निम्मं लोंबत होतं, पण म्हटलं, मागे बसतंय कोण?

आज मागे गणपती बसला होता. पेणच्या कारखान्यातून घेतलेला, रंग अजून पुरता न वाळलेला. त्यावर हायवेची धूळ बसू नये म्हणून सगळ्या काचा गच्च वर. शेजारी गोधडीवर धनेशची आई सीताबाई, एक हात पाटावर ठेवून. घरच्या माणसाचा देवावरचा हात घरी पोचेपर्यंत काढायचा नाही आणि गाडी वाटेत थांबवायची नाही, ही त्यांच्या घरची रीत. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये गाडी बराच वेळ अडकली, पण ते थांबणं रीतीत धरायचं नाही, असं सीताबाईनेच ठरवून टाकलं होतं.

पुढे धनेशशेजारी त्याची बायको नम्रता कपाळ दाबत बसली होती. डोकं फुटायला आलंय, मळमळतंय, असं तिचं केव्हापासून चाललं होतं. चालणारच. हरतालिकेचा उपवास, सासू-सुनांच्या पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. मागून सीताबाईही मघाशी गरगरतंय म्हणत होती. आता ती काही बोलत नव्हती. झोप लागली असेल, धनेशला वाटलं. गाडी अशी न आदळता, न किंचाळता चालली तर म्हाताऱ्या माणसाला झोप लागायचीच. खर्चाचं चीज झालं म्हणून तो मनातल्या मनात खूशही झाला.

मग त्याचंही डोकं ठणकायला लागलं. घशाशी काहीतरी आलं, समोरचा ट्रक जरा डुलल्यासारखा दिसला. उपवासाचंच, असं त्याच्या मनात आलं. पण त्याचा कसला उपवास? पेणला त्याने दोन वडापाव हाणले होते.

“काय गो, तुला कसला वास येतोय?”

“मघापासनं येतोय,” नम्रता जड जिभेने म्हणाली. “मला वाटलं, रंगाचा.”

त्याने आईला हाक मारली. मोठ्याने मारली. नम्रताने मान वळवून मागे पाहिलं आणि त्याचा दंड घट्ट धरला.

“आईंनी मान टाकलीय.”

धनेशने गाडी बाजूला घेतली, तर नम्रता सवयीने म्हणायला लागली, अजून घर आलं नाही, थांबू नये. तो उतरला. पाय चिखलात रुतल्यासारखे पडत होते. मागचं दार वर उचललं, तसा कोंडलेला धूर त्याच्या तोंडावर आला. सायलेन्सर फुटला होता. कधी फुटला देव जाणे, नव्या रबरांनी तो आवाजसुद्धा आत येऊ दिला नव्हता. धूर मात्र लोंबत्या रबराशेजारून आत घुसत होता. आधी वारा त्याला फटींतून बाहेर घेऊन गेला असता. आता चारही दारं अशी बसली होती, की आत आलेलं काही बाहेर जात नव्हतं.

सीताबाई कलंडली होती. तोंड उघडं, हात अजून पाटावर. देवावरचा हात ओढून काढायचा, या विचाराने धनेश आधी चरकला. मग त्या बोटांची मिठी सुटेना, तेव्हा मात्र तो खरा भ्याला. आयुष्यात कधी भ्याला नव्हता इतका. त्याने ती एकेक करून सोडवली, आईला उचललं आणि भातखाचराच्या बांधावर आणून निजवलं. नम्रता तिथेच ओकली, तोंड पुसलं आणि सासूचे तळवे चोळू लागली. धनेश नुसता आये, आये करत होता. त्याला दुसरं काही सुचेना.

केव्हातरी सीताबाईला ठसका लागला. डोळे किलकिले झाले. आधी तिने स्वतःचा हात पाहिला.

“ह्यो हात कोनी काढला?”

नम्रता रडायला लागली.

दुसऱ्या गाडीची वाट बघायचा धीर धनेशला नव्हता. नागोठण्याला डॉक्टर होता. आईला पुढे बसवलं, नम्रता तिला मागून धरून मधल्या सीटवर, सगळ्या काचा खाली. देव मागे एकटा. भसाभस धूळ आत आली, शेजारून ट्रेलर गेला की कानठळ्या बसत. तरी सीताबाईचे डोळे मिटत होते.

“आये, झोपू नको. बोलत रव.”

“काय बोलू?”

“काय पन बोल. मला शिव्या दे.”

हे तिला जमण्यासारखं होतं. तिने रबरांपासून सुरुवात केली, रीत मोडली त्यावर आली, मग तो लहानपणी खाडीत पडला होता तिथवर मागे गेली. वाऱ्यात निम्मं ऐकू येत नव्हतं. धनेश प्रत्येक शिवीला व्हय, व्हय म्हणत गाडी हाणत होता. मधेच ती गप्प झाली.

“आये?” त्याचा आवाज चिरकला. “आये!”

“अरे मेल्या,” सीताबाई म्हणाली, “सास तरी घेव दे.”