लोकरीचा गुंडा
मुलं संध्याकाळी जिथं जमायची, ती खोली बंद करून तिथं गोदाम करायचा ठराव समितीपुढे होता. मुलांतर्फे उभी राहिली ती अडखळत बोलणारी पोर. पहिल्याच शब्दाला जीभ अडली, तशी माणसं घड्याळाकडे बघू लागली. “ताई, तुम्हीच सांगा ना,” अध्यक्ष म्हणाले, “हिचं ऐकता ऐकता दिवस मावळेल!” मुलांसोबत काम करणाऱ्या ताईच्या ओठांवर सगळं भाषण तयार होतं, तिनं ते आवंढ्यासोबत गिळलं. पोरीनं पिशवीतून लोकरीचा गुंडा काढला. “आ-आमच्याकडे हा ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं.” कुणीतरी फिसकन हसलं. मग जात्यातून पीठ झरावं तसे शब्द हळूहळू आले: “घरी माझं वाक्य दुसरेच पू-पूर्ण करतात. त्या खोलीत मी करते.” अध्यक्षांनी तोंड उघडलं, मिटलं, हात पुढे केला. “दे गं तो. ‘खोली राहू दे’ म्हणायचंय मला.”