दंडाचं माप

सासूच्या ओठांत टाचण्या होत्या, म्हणून ती बोलत नव्हती. हात पुढे कर, असं तिनं भुवईनंच सांगितलं. सुनेनं उजवा हात पुढे केला. सासूनं मान हलवली आणि डावा धरला. ती माप नेहमी डाव्याच हाताचं घ्यायची. या शिवणाच्या खोलीत इतकी वर्षं काज-बटणं करूनही सून नेमकं तेच विसरली होती.

नवरा दारात उभा होता. नुकती रांगायला लागलेली धाकटी त्याच्या खांद्यावर होती. दिराचं लग्न तोंडावर आलं होतं आणि सुनेचा ड्रेस तेवढा शिवायचा राहिला होता.

“आई, कंबर सैल ठेव हं. पुढं लागेल,” तो हसत म्हणाला. “आणि बाही जरा आखूड कर. गल्लीतल्या सगळ्या बायकांना तू कोपरापर्यंत झाकून ठेवलंयस. माझे मित्र विचारतात, तुझ्या आईला कापड फुकट मिळतं का?”

सासूनं टाचण्यांमागून नुसता हुंकार दिला.

दोन महिने सुनेची पाळी आली नव्हती. घरात त्याचा एकच अर्थ निघाला होता. नवरा मित्रांना सांगून मोकळाही झाला होता. खरं फक्त तिला ठाऊक होतं. धाकटीच्या वेळी ती मरणाच्या दारातून परत आली होती. एवढ्यात पुन्हा नको, असं डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला तोंडावर सांगितलं होतं. “पुढचं पुढं बघू,” म्हणून त्यानं विषय मिटवला होता. मग धाकटीला लस टोचायला नेलं, त्याच दिवशी तिनं दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीखाली, काडी बसवून घेतली. आगकाडीएवढी, मऊ.

“हिच्यातून औषध थोडं थोडं झिरपत राहतं, त्यानं दिवस राहत नाहीत,” नर्स म्हणाली होती. “तीन वर्षं बघायला नको. पाळीचा मात्र भरवसा नाही. मधेच डाग दिसतील, एखादीची बंदच होते. भिऊ नकोस. नको झाली की इथे येऊन काढून घ्यायची. मग पुन्हा दिवस राहू शकतात.”

ऐकताना सोपं वाटलं होतं. आता जीव टांगणीला लागला होता. पाळी थांबली ती काडी काम करतेय म्हणून, की काडी फसली म्हणून? विचारणार कुणाला? दंडावरचा निळा डाग कधीच गेला होता, तरी ती डावा हात भिंतीकडे करूनच झोपत होती.

टेप दंडाभोवती आली. सासूचं बोट आतल्या बाजूला सरकलं. थांबलं. मागे आलं आणि काडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरलं.

“काय झालं?” नवऱ्यानं विचारलं.

सासूनं ओठांतली एकेक टाचणी काढून मनगटावरच्या छोट्या उशीत खोचली. घाई केली नाही.

“तुझ्या बडबडीनं माप चुकतंय. पोरीला घेऊन बाहेर जा बघू.”

तो गेला. सासूनं दाराला कडी घातली. सून भिंतीला टेकली.

“आई, मी...”

“ताठ उभी राहा.” टेप आता कंबरेभोवती होती. “कंबर आहे तेवढीच ठेवते. पाळी थांबलीय ती या काडीमुळंच असेल. तरी उद्या दवाखान्यात जाऊन खात्री करून घे, म्हणजे डोळ्याला डोळा लागेल. बटणं आणायला पाठवलंय म्हणून सांगीन. त्याचं मी बघते.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“दंड मोजते मी, पोरी.”

एवढंच बोलून सासूनं कापडावर खडूनं बाहीची रेघ ओढली, थेट कोपराशी. मग टाचण्या उचलून पुन्हा ओठांत धरल्या.

सुनेनं खिडकीबाहेर पाहिलं. पाववाल्याच्या दुकानापुढे रांग लागली होती. ऊन मी म्हणत होतं, बायका हातातल्या पिशव्यांनी वारा घेत होत्या. तरी त्यातल्या कितीतरी जणींच्या बाह्या कोपरापर्यंत होत्या.