न फाटणारी जाळी

मुलांनो, विदर्भातल्या कारंजा गावाजवळच्या एका घराची कापसाने अर्धी भरलेली ओसरी डोळ्यांसमोर आणा. तिच्या दाराची नायलॉनची जाळी मांजरीने दोनदा फाडली, म्हणून सुरभीच्या बाबांनी काल नखांना दाद न देणारी स्टीलची जाळी बसवली.

आज मांजर बाहेरून त्या जाळीवर ओरडत जीव खाऊन नखं मारत होती. आत बाबा कापसाचा ढीग तुडवून दाबायला निघाले होते.

“फाड आता, पाहू बरं!” ते मांजरीला हसले.

“बाबा, ते काऊन रडून राह्यली?”

“कापसात झोपाले भेटत नाई म्हणून. तू सरक तिकडं.”

त्यांनी पाय उचलला. तेवढ्यात खालच्या कापसातून पिल्लाचा बारीक आवाज सुरभीच्या कानावर आला.



सुरभीने झेप घेतली आणि बाबांचा तो पाय वरच्या वर छातीशी कवटाळला.