गाळलेली खरखर

सासरेबुवांची जुनी रेकॉर्ड कॉम्प्युटरवर उतरवताना त्याला त्यांचं बोलणं आठवलं. "जावईबापू, खरखरीसकट ऐका. तिच्या वाटेला जाऊ नका." खरखरीवर जीव टाकणाऱ्या असल्या शौकिनांना तो नेहमीच वेड्यात काढायचा.

सॉफ्टवेअरने खरखर गाळल्यावर गाणं अगदी लख्ख झालं. खरखरीबरोबर एखादा सूरही निघून गेला नाही ना, हे बघायला त्याने गाळून काढलेला आवाज तेवढा हेडफोनवर लावला.

आधी नुसती तडतड ऐकू आली. मग तिच्यातून बायको बोलली, "अहो, चहा ठेवू का?"

"ठेव," त्याचाच आवाज म्हणाला.

पावलं दूर गेली. गॅसचा लायटर खटकला. पाठोपाठ भडका उडाल्याचा आवाज आणि बायकोची किंकाळी. पुढे काहीच नाही.

रेकॉर्ड तर बायकोच्या जन्माआधीची होती.

त्याने हेडफोन ओरबाडून काढला. बायको दारात उभी होती.

"अहो, चहा ठेवू का?"

"नको!" तो जिवाच्या आकांताने ओरडला.

"एवढं खेकसायला काय झालं? नको तर नको," ती वळत म्हणाली. "माझ्यापुरता ठेवते."

तो खुर्चीतून उठेपर्यंत स्वयंपाकघरात लायटर खटकला.