शिलेदाराची बायको

"बसा वहिनी. खुर्ची भाऊंचीच आहे," फ्रेमवाला म्हणाला, आणि तिला बसावंच लागलं.

ती आली होती फक्त फाशांची थैली द्यायला. नवरा जाऊन महिना झाला होता. दर रविवारी दुपारी तो या फ्रेमच्या दुकानामागच्या खोलीत खेळायला यायचा, एवढंच तिला ठाऊक होतं. काय खेळायचा ते तिनं विचारलं नव्हतं, त्यानं सांगितलं नव्हतं.

खोलीत सरसाचा वास होता. भिंतीला काचा टेकवून ठेवलेल्या. टेबलावर हातानं काढलेला नकाशा, त्यावर बोटाएवढे सैनिक आणि राक्षस. फ्रेमवाल्यानं तिला थोडक्यात समजावलं. तो गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. लढाई जुंपली की फासे ठरवतात. भाऊ शिलेदार व्हायचे.

"त्यांचा शिलेदार असा अर्ध्यावर ठेवणं बरं वाटत नाही," तो म्हणाला. "शेवटची खेळी तुमच्या हातून व्हावी, असं आम्हाला वाटतं."

"किल्ल्याच्या दारात," खेळाडूंपैकी एक, बस ड्रायव्हर, पुढे सरसावला. "शंभर राक्षस अंगावर घेऊन. लढता लढता जाऊ दे गड्याला!"

"झालं याचं सुरू," फ्रेमवाला म्हणाला. "अहो, भाऊंना लढाईत कधी रस होता का?"

"नव्हता, म्हणून तर आमच्या तलवारी गंजल्या! राक्षस दारात उभा, आणि हे आपले गप्पा मारत बसलेत."

"गप्पा?" तिनं विचारलं. "हे?"

दोघंही हसले. तिसरा खेळाडू, जनावरांचा डॉक्टर, तोही गालात हसला.

"वहिनी, तुमच्यासमोर काय सांगायचं! तोंडाला खळ नसायचा त्यांच्या," ड्रायव्हर म्हणाला. "प्रत्येक मोहिमेआधी मधवालीकडे जायचं म्हणजे जायचंच."

"मधवाली कोण?"

"शिलेदाराची बायको. गोष्टीतली हो," फ्रेमवाला घाईनं म्हणाला. "तिचं मीच बोलायचो. पण खरं सांगू? मी नुसता हुंकार भरायचो. बोलायचे ते भाऊच. तिचे हात, तिचं चालणं, सकाळी ती केस कसे बांधते... बारीकसारीक सगळं. आणि बाळाचा प्रसंग तर! डॉक्टर, तुम्ही सांगा ना."

डॉक्टरनं चष्मा काढून हातात घेतला. "त्यांनी कल्पना केली होती, की शिलेदाराची मुलगी आठ दिवसांची होऊन गेली. एकदा मोहिमेवर निघताना ते मधवालीला म्हणाले, 'ती गेली त्या दिवशी मी बाहेर लाकडं फोडत बसलो. तू आत एकटी रडत होतीस. मला ऐकू येत होतं. आत यायचं धाडस झालं नाही. तेव्हापासून मी दाराबाहेरच आहे.'"

"अंगावर काटा आला होता," ड्रायव्हर म्हणाला. "मी मारामारीवाला माणूस, पण मीही डोळे पुसले. काय एकेक सुचायचं त्यांना!"

ती टेबलाची कड धरून बसली होती.

त्या दिवशी तो अंगणात स्कूटर धूत होता. धुतलेलीच पुन्हा धूत होता. बादली भरल्याचा, पाणी ओतल्याचा आवाज आत येत होता, आणि ती रिकाम्या पाळण्याशेजारी बसून मनात म्हणत होती, या माणसाला काळीज नाही. एकोणीस वर्षं ती तेच म्हणत आली होती. ते खरं नाही असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. या खोलीत सांगितलं गेलं होतं. सगळ्यांदेखत, दाद घेऊन.

"मग ठरलं," फ्रेमवाला म्हणाला. "लढाई नको. निरोप घेऊ दे." ड्रायव्हर कुरकुरला, पण त्यानं राक्षस बाजूला सारले. फ्रेमवाल्यानं शिलेदार उचलून नकाशावरच्या एका झोपडीपाशी ठेवला आणि आवाज खाली आणला. पुरुषाचाच आवाज, पण त्यातला मऊपणा सरावाचा होता.

"आलात? या. तुमचीच वाट बघत होते. आज काय सांगणार मला?"

सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"काही नाही," ती म्हणाली.

"सावकाश, वहिनी. जे मनात येईल ते बोला. तुम्ही आता शिलेदार आहात."

"शिलेदार काही बोलत नाही. तलवार काढतो."

ड्रायव्हर खुर्चीत ताठ झाला. "राक्षस आला का?"

"राक्षस नाही. ही समोर बसलीये तिच्यावर."

डॉक्टरनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. फ्रेमवाला आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, ती... ती निरपराध आहे."

"ते मला माहीत आहे. फासा कुठला टाकायचा?"

ड्रायव्हरनं थैलीतून वीस बाजूंचा फासा काढून तिच्यापुढे सरकवला. तिनं तो नीट पाहिलासुद्धा नाही, नुसता हातातून सोडला. फासा नकाशावरून घरंगळत झोपडीपाशी जाऊन थांबला.

"वीस," ड्रायव्हर सवयीनं ओरडला. याहून मोठा वार त्या खेळात नव्हता.

फ्रेमवाल्यानं मान वर केली नाही. त्यानं मधवालीचा आवाज काढायचा प्रयत्न केला, तो नीट निघाला नाही.

"ती... ती खाली पडलीये. तुमच्याकडे बघतेय. विचारतेय, का?"

ती उठली. खुर्ची होती तशी आत सरकवली, पदर सारखा केला.

"तिला सांगा," ती म्हणाली, "ह्यांना बायकोशी बोलायची सवय नव्हती."