जावयाचं तोंड पाहू नये

“मावशी, लप! जावई येतोय तुझा,” खिडकीतून बाहेर बघत थेल्मा गल्ल्यामागून ओरडली.

एरवी गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडणारी यानाबा टुणकन उठली. पिठाच्या पोत्यांआड जाऊन खाली बसली आणि शाल डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

दुकान बघायला आलेली गोरी पाहुणी हातातला गालिचा तसाच धरून बघत राहिली. शंभर वर्षांचं दुकान म्हणून अशा बाया लांबून येतात आणि छताच्या तुळयांचे फोटो काढत बसतात. यानाबाला त्या तुळयांचं काय कौतुक! तिला हवा होता दुकानातला फोन. गॅलप शहरातल्या इस्पितळात तिची आयलीन बाळंतपणाला गेली होती आणि तीन दिवस झाले, यानाबा सकाळी येऊन त्या फोनपाशी ठाण मांडून बसत होती. जीव नुसता टांगणीला लागला होता.

“सासू-जावयाचं भांडण आहे का?” पाहुणीनं विचारलं.

“छे! आमच्या जमातीत सासू-जावयानं एकमेकांचं तोंड पाहायचं नसतं. डोळे जातात.”

“कायमचंच असं?”

“हिची मुलगी त्याची बायको आहे तोवर,” थेल्मा हसली. “दोन वर्षं झाली लग्नाला. मावशीनं जावयाचे फक्त बूट पाहिलेत.”

“बूट चांगले आहेत त्याचे,” शालीतून आवाज आला. “फोन करायचा सोडून स्वतः आला बघ! एवढ्या लांबून! पहिलटकर बाप, त्याला धीर कुठला?”

दार वाजलं. हॉस्की आत आला.

“विचार गं त्याला, मुलगी ना? आणि सांग, मेंढी मी बाजूला काढून ठेवलीय. बाळ पहिल्यांदा हसेल त्या दिवशी सगळ्या गावाला जेवण. आणि हसवणार मीच. विहिणीला म्हणावं, मध्ये मध्ये करू नकोस.”

थेल्मा हॉस्कीच्या चेहऱ्याकडे बघत गल्ल्यामागून उठली.

“दातखीळ बसली का तुझी?”

बूट फरशीवरून पुढे आले. गल्ल्यापाशी थांबले नाहीत. पोत्यांच्या दिशेनं येऊ लागले.

“अगं, इकडे कुठे येतोय हा? थांबव त्याला!” यानाबानं डोळे गच्च मिटले. “माझे डोळे गेले तर नातीला बघू कशी मी?”

पाहुणीनं गालिचा हळूच खाली ठेवला. एक पोतं सरकलं. हॉस्की यानाबाच्या समोर जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांनी त्यानं तिच्या तोंडावरची शाल मागे सारली.

“डोळे उघडा, आई,” तो म्हणाला. “आता चालतं.”