वायर धरणारा

दादाला जाऊन आज सातवा दिवस. तैवानमधल्या तायनान शहरातल्या त्या छोट्या घरात आईनं त्याच्या आवडीच्या शेवया टेबलावर वाढल्या आणि मियाओ-शानला बजावलं, "सातव्या दिवशी आत्मा घरी येतो. संध्याकाळी तो येईल. आपण दिसलो, हाक मारली, तर त्याचा पाय कायमचा इथंच अडकेल. खोलीत बस, डोळे झाक, आणि ती बडबड आज तेवढी आवर, बाई!"

डोळे झाकायला मियाओ-शाननं दादाचाच व्हीआर हेडसेट चढवला. कॉम्प्युटरला जोडायचा, दुकानातला सगळ्यात स्वस्त. त्याची वायर इतकी लांब आणि जड, की मियाओ-शान खेळताना दादा मागे उभा राहून ती उचलून धरायचा. "पडशील, येडे! मग दात कोण बसवणार?"

आत रिकामा समुद्रकिनारा होता. ती गप्प उभी राहिली.

तेवढ्यात वाळूवर नारिंगी रेघांची माणसाची आकृती उमटली. खेळायच्या जागेत कुणी शिरलं की हेडसेट असंच दाखवतो. पण दार वाजलं नव्हतं. आई तर भिंतीपलीकडे हुंदके देत होती.

आकृती तिच्या बाजूनं मागे गेली. मान ओढणारी वायर अलगद हलकी झाली.

मियाओ-शाननं ओठ दातांखाली धरले. बराच वेळ धरले. मग वायर पुन्हा जड झाली, आणि आकृती मान खाली घालून, अगदी दादासारखी, दाराकडे निघाली.

जाऊ दे त्याला. जाऊ दे गं.

"दादा!"

आकृती दारातच थांबली. मग वळून तिच्या मागे आली.

वायर पुन्हा हलकी झाली.